आंदणाचं मशीन

घोडबंदर गाव,
१९ जानेवारी २०२५

चि. हेमांगी,

तुझं वॉशिंग मशीन बिघडलंय. एवढंच कळवायला हे पत्र.

फोन का केला नाही, असं वाटेल तुला. एक तर तू माझा फोन उचलत नाहीस. आणि उचललास तरी फोनवर मी आधी ओरडते आणि मग रडते, त्यात कामाची गोष्ट राहून जाते. बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला शिकवण्यात माझा जन्म गेला. कागद समोर असला की मी जरा शहाण्यासारखी वागते. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन धड नाही.

मशीन काल बाबांनी चालू करून बघितलं. नुसता दिवा लागला, आत काही फिरेना. बाबांचं म्हणणं तुला ठाऊकच असेल. माझ्या ह्या नवऱ्याने आपलं मिठागर विकतानाही दोनदा विचार केला नाही, तर एका मशीनसाठी काय करणार? म्हणाले, "भंगार हाय त्ये. भंगारवाल्याला दे, नवा आणू." मी म्हटलं, वस्तू आपली नाही. आंदणाच्या वस्तूला सासरच्यांनी हात लावायचा नसतो, हे माझ्या सासूने मला शिकवलं आणि मी ते पाळत आले. तुझ्या वडिलांनी लग्नात तुला दिलेलं मशीन. दुरुस्त करायचं की टाकायचं ते तू सांग.

आणि एक. माझा कुलदीप गेल्यावर तू माहेरी गेलीस आणि पुढच्या दिवाळीआधी तुझे वडील टेम्पो घेऊन आले. कपाट गेलं, पलंग गेला, ड्रेसिंग टेबल गेलं. मशीन उचलायला माणसं वाकली तेव्हा तू म्हणालीस, "हे राहू दे इथेच." मी दारात होते, मी ऐकलं. तू आणखी काही बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण कायमची जाणारी बाई आपली वस्तू मागे ठेवून जात नाही, एवढं मला कळतं. म्हणून मी तेव्हा गप्प बसले आणि आजपर्यंत गप्प आहे.

मशीनवर एक ओरखडा नाही. गोधडीचा जाड कपडा शिवून त्याला घातलाय. हो किंवा नाही, दोन ओळींत कळव.

तुझी सासू,
सावित्री

३० जानेवारी

चि. हेमांगी,

उत्तर नाही. पेण काही सातासमुद्रापार नाही. असो.

मी नया नगरच्या शकीलभाईला बोलावलं. आपला फ्रीज त्यानेच दुरुस्त केला होता, तुला आठवेल, सारखा बोलत असतो तो. त्याने मागचं झाकण काढलं आणि पहिल्यांदाच त्याची बडबड थांबली. आत उंदरांनी संसार थाटला होता. वायरी कुरतडलेल्या, खाली कागदाचा भुगा, आणि ड्रम जिथे फिरतो तिथे गंजाचा थर. म्हणाला, "आँटी, ये चलाया ही नहीं क्या किसी ने? इतने दिन बंद रखोगे तो खाडी की हवा में सब जाम होगा ही ना."

मी म्हटलं, चालवलं नाही. तो म्हणाला, क्यों? आता त्याला काय सांगू? मी म्हटलं, तुम अपना काम करो.

तुला सांगते. तू गेल्यापासून मी त्याला हात लावला नाही. ते तुझं होतं. तू परत येशील तेव्हा जसं ठेवून गेलीस तसंच तुझ्या हवाली करायचं, असं मी ठरवलं होतं. सणासुदीला वरचा कपडा तेवढा धुवायचे. मला काय माहीत की बंद ठेवल्यानेही मशीन मरतं? भांडं झाकून ठेवलं तर चांगलं राहतं. साडी घडी घालून ठेवली तर चांगली राहते. हे एकच कसं असं?

बाबांनी सगळं ऐकलं आणि शकीलभाईसमोरच मला म्हणाले, "दोन वर्सं झाकून ठेवलास. आता रडून काय होनार हाय?" मी म्हटलं, रडतंय कोण? मग संध्याकाळी जेवताना परत सुरू. म्हणाले, "पोर काय मशीन न्हाय, झाकून ठेवाला. तिला ईचार एकदा, येनार हाय की न्हाय." मी ताट बाजूला सारलं. पहिल्यांदा असं झालं की ते बरोबर बोलले आणि मला ते ऐकवलं नाही.

मी विचारत नाहीये. मी फक्त मशीनचं विचारतेय. शकीलभाई म्हणतो, मोटर होईल, वायरी होतील, आतला सर्किट बोर्ड मिळतो का बघावं लागेल, कंपनीने ते मॉडेल बंद केलंय. मी त्याला शोधायला सांगितलंय. किती का लागेना, दुरुस्तच करायचं.

सावित्री

१० फेब्रुवारी

हेमांगी,

शेजारच्या स्वातीच्या मोबाइलवर तुझा निरोप आला. "आईंना सांग, वाटेल ते करा."

वाटेल ते करा! मला काय वाटतं ते तू विचारलंस का कधी? तुझ्या वडिलांनी टेम्पो आणला तेव्हा विचारलं? वर्षश्राद्धाला तू आली नाहीस. मी पान वाढून बसले होते, तेव्हा विचारलं? घरात चार माणसं होती. त्यातला एक गेला, तर दुसरीने पण जायचं, असा नियम कुणी काढला? मला वाटेल ते करायचं असतं तर मी त्या टेम्पोच्या आडवी झोपले असते.

आणि स्वातीने तुला माझ्या हाताचं सांगितलंय, हे तिनेच कबूल केलं. तर ऐक. मनगट मोडलंय, उजवं. डिसेंबरच्या शेवटी चादरी धूत होते, मोरीत पाय घसरला. प्लास्टर आहे, बोटं हलतात, म्हणून लिहिता येतं. पेन चांगलं आहे, मी खोटं लिहिलं होतं. पाठीचं दुखणं जुनंच आहे, त्यात काही नवीन नाही. कपडे सध्या बाबा धुतात. बघण्यासारखं असतं. एका बनियनला अर्धी साबणाची वडी लावतात आणि पिळताना अशी तोंडं करतात की जणू काही शत्रूची मान पिळतायत.

परवा ते मला जबरदस्तीने पूनम सागरला एका दुकानात घेऊन गेले. ओळीने मशीनं मांडलेली, सगळी पांढरी, सगळ्यांवर स्टिकर. तिथला मुलगा चांगला होता बिचारा, म्हणाला, "काकी, पुराना दे दो, एक्स्चेंज में लग जाएगा. पुराने का टेन्शन ही नहीं." बाबांनी मान डोलावली. मी तिथून बाहेर आले आणि रिक्षात जाऊन बसले. बाबा मागून आले आणि त्यांनी रिक्षावाल्याला घोडबंदर सांगितलं.

तू हो म्हण किंवा नाही म्हण. पण वाटेल ते करा म्हणू नकोस. परक्या माणसाला म्हणतात तसं.

सावित्री

२३ फेब्रुवारी

चि. हेमांगी,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी दारातच बसले होते. त्याने तुझं नाव वाचून दाखवलं आणि मी बाबांना हाक मारली. बाबांनी घेतलं, त्यांनीच फोडलं, आणि मग चष्मा शोधायला गेले ते परत आलेच नाहीत, कारण चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. मी मोठ्याने वाचलं.

तू लिहिलंस: "आई, मशीन असताना तुम्ही हाताने चादरी का धुता? ते मी तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुमची पाठ मला माहीत नव्हती का? सगळं नेताना एक तरी वस्तू तुमच्या उपयोगी राहावी, एवढंच माझ्या मनात होतं. तेव्हा बोलता आलं नाही. आणि तुम्ही त्याच्यावर कपडा घालून ठेवलात! मला वाटलं, माझी वस्तू तुम्हाला नकोशी झाली."

एवढं वाचलं आणि पुढचं वाचवेना.

माझ्यासाठी. दोन वर्षं ते मशीन माझं होतं आणि मी त्याच्या बाजूला उकिडवी बसून कपडे धूत होते. हेमांगी, मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं, आणि बाबा घाबरून पाणी घेऊन आले. कुलदीप गेल्यावर कुणी माझा विचार केला असेल असं मला वाटलंच नव्हतं. बायका आल्या, गळ्यात पडल्या, गेल्या. मी तुझ्यावर चिडले होते कारण माझ्याकडे न बघता तू टेम्पोत बसलीस. आणि तू मात्र जाता जाता माझ्या पाठीचा विचार करत होतीस.

पण पोरी, मी रात्रभर एकच गोष्ट घोळवत राहिले. ते तू माझ्यासाठी ठेवलं होतंस. म्हणजे स्वतःसाठी नाही. म्हणजे परत येऊन वापरायचं म्हणून नाही. हे तू पत्रात कुठे लिहिलं नाहीस, आणि तू लिहिणारही नाहीस, तू तशी नाहीस. पण मला कळलं. टेम्पो निघाला तेव्हाच तुझं ठरलं होतं. ठरलं नव्हतं ते माझं.

आता मला ते मशीन आणखीनच दुरुस्त करून हवंय. तेव्हा तुझी ठेव म्हणून हवं होतं, आता तू मला दिलंस म्हणून हवंय. शकीलभाईला जुन्या मशीनमधला बोर्ड मिळालाय, उद्या बसवायला येतोय. तू दिलेलं एकदा तरी वापरल्याशिवाय मी ते जाऊ देणार नाही.

पाठीला बरं आहे. खोटं नाही लिहीत.

तुझी,
आई

५ मार्च

चि. हेमांगी,

मशीन चाललं. एकदा.

शकीलभाईने बोर्ड बसवला, वायरी जोडल्या, गंज घासला आणि म्हणाला, "आँटी, बिस्मिल्ला करो." मी दोन उशांचे अभ्रे, बाबांचे शर्ट आणि माझी ती जांभळी साडी टाकली, तुला आवडायची ती. पाणी भरलं. मग ड्रम फिरायला लागला. मी स्टूल घेऊन समोर बसले. बाबाही येऊन उभे राहिले. आम्ही दोघं म्हातारे काचेतून कपडे फिरताना बघत होतो आणि कुणी आलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच म्हणालं असतं. तू कपडे लावून ओट्याशी यायचीस आणि मधेच कुलदीपला ओरडायचीस, खिसे तपासले का म्हणून. तो आवाज घरात परत आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात घर्रर्र झालं, सगळे दिवे गेले आणि खालून तांबडं पाणी वाहायला लागलं. साडीवर गंजाचे डाग पडलेत, जाणार नाहीत.

शकीलभाई परत बघायला आला. ड्रमच्या मागचं बेअरिंगच गेलंय. "ठीक तो करूँ, पर कल फिर यही होगा. झटका लगा तो?" मी बाबांकडे बघितलं. त्यांनी सवयीप्रमाणे भंगार हाय म्हणायला पाहिजे होतं. ते मशीनवर हात ठेवून उभे राहिले. म्हणून मीच म्हटलं, घेऊन जा. मी सांगितलं, बाबांनी नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. दारातून नेताना मी आत गेले नाही. उभी राहिले.

नवीन मशीन आलंय. बाबा इंग्रजीतलं सूचनापत्र कळत नसतानाही हातात धरून रोज त्याच्यापुढे बसतात. कपडा घालून ठेवलेला नाही. रोज चालतं.

आता दुसरं. तुझ्या आईचा, गिरिजाताईंचा, फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलल्या, माझ्या हाताचं विचारलं, आणि मग म्हणाल्या की हेमांगीसाठी एक स्थळ आलंय. केतन म्हणून मुलगा, पनवेलला नोकरी, मूळचे साताऱ्याकडचे. त्याचीही बायको गेलेली. तू अजून हो म्हटलं नाहीस. का, तर "आधी घोडबंदरला जाऊन आईंशी बोलेन, मग सांगेन."

मला राग आला. लपवून काय करू? मी फोन बाबांच्या हातात दिला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. कोण हा केतन? माझ्या मुलाच्या फोटोवरचा हार मी अजून दर शनिवारी बदलते. आणि पनवेलला कुणीतरी बसून माझी सून मागतोय. मला वाटलं, तू आलीस की सांगेन, नको करूस. रडले तर तू ऐकशील हे मला माहीत होतं. तू माझ्या रडण्याला घाबरतेस. हे सगळं मी त्या अंगणात उभी राहून ठरवलं आणि दोन दिवस तसंच मनात ठेवलं.

आज स्वातीने तुझा निरोप दिला. शिमगा झाल्यावर, रविवारी येतेस. "बोलायचं आहे."

काय बोलायचं आहे ते मला माहीत आहे. मी काय उत्तर देणार ते अजून मलाच ठरवता येत नाही. म्हणून हे पत्र इथेच थांबवते.

आई

११ मार्च २०२५

चि. हेमांगी,

हे कुरिअरने पाठवतेय, रविवारच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं.

तू येणार. नेहमीसारखी आधी देवाला नमस्कार करशील, मग कुलदीपच्या फोटोला, मग माझ्या पाया पडशील. मग पाणी पिऊन ग्लास धुवून ठेवशील, कारण तुला बसवत नाही. आणि मग तू खाली बघत म्हणशील, आई, एक विचारायचं होतं. तुझी बोटं पदराला चाळा करतील. मी ते इथे बसून बघू शकते. आणि मी काल दिवसभर तेच बघत होते, भाजी निवडताना, अंगण झाडताना.

मला ते बघायचं नाही. माझ्या घरात तू काहीतरी गुन्हा केल्यासारखी उभी राहून परवानगी मागशील, आणि मी खुर्चीत बसून ती देईन, हे मला सहन होणार नाही. कुलदीपलाही झालं नसतं. तुला ओट्याशी उभी बघितलं तरी तो स्टूल आणून द्यायचा.

म्हणून आधीच लिहिते. तुला विचारावं लागू नये म्हणून.

लग्न कर, हेमांगी.

मी रागावलेली नाही असं लिहिणार नाही. राग आहे, पण तो तुझ्यावर नाही, त्या मुलावरही नाही. त्याला मी ओळखत पण नाही. ज्याच्यावर आहे त्याला पत्र पाठवता येत नाही. तू मात्र माझ्या रागाची वाट बघत पेणला बसू नकोस. तुझं वय काय आहे? मी तुझ्या वयाची होते तेव्हा कुलदीप पाटी घेऊन माझ्याच बालवाडीत बसत होता. अजून केवढं जगायचंय तुला. मी दोन वर्षं तुझी वाट बघितली आणि त्या वाट बघण्याने तुला काही दिलं नाही, मलाही नाही. फक्त आपण दोघी एकमेकींना घाबरलो.

आंदणाचं म्हणशील तर ह्या वेळी तुझ्या वडिलांना काही करू देऊ नकोस. बाबा गिरिजाताईंना फोनवर सांगून मोकळे झालेत, मला न विचारता. म्हणाले, "पोरगी आमच्या घरातून जानार, तर द्याचा मान आमचा हाय." मी बाजूलाच होते. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "चाललं ना तुला?" मी म्हटलं, चाललं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने पहिल्यांदा मला नंतर का होईना विचारलं.

गावातल्या बायका बोलतील. बोलू देत. सून परत लग्न करते आणि सासू पाठवणी करते, असं कुठे असतं का म्हणतील. नसेल. आपल्या घरात असेल. त्यांच्यातल्या एकीने जरी माझ्यासमोर तोंड उघडलं तर मी काय म्हणायचं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि हात मोडला असला तरी तोंड नाही.

रविवारी येशील तेव्हा एकटी येऊ नकोस. केतनला घेऊन ये. बोलायचं काही राहिलेलं नाही, तुम्ही दोघं फक्त जेवायला या. भाकऱ्या स्वाती थापेल. बाबा आत्तापासून कोळीवाड्यात जिताडा सांगून आलेत. पहिल्यांदा घरी येणाऱ्या जावयाला दुसरा मासा वाढायचा नाही म्हणे. जावई हा शब्द तेच बोलले. मी नाही. पण मी तो खोडूनही काढला नाही.

एक तेवढं स्वातीच्या मोबाइलवर आधी कळव. घाटावरचा माणूस आहे, त्याला माशाचे काटे काढता येतात का? नसतील येत तर मी बाजूला बसून काढून देईन.

तुझी आई